घराभोवतीचा समास

जुनी इमारत पाडून तिच्या जागी नवी उभारण्याचा विचार ज्या सोसायटीत सुरू होतो, तिच्या सर्वसाधारण सभेत वास्तुविशारदाने नकाशा भिंतीवर लावला आणि जागेच्या हद्दीची ठळक रेषा दाखवून तिच्या बऱ्याच आत दुसरी एक तुटक रेषा दाखवली, की कोणीतरी गृहस्थ हटकून उठून विचारतो : "जागा आमची, भाडेपट्टा आमच्या नावाचा, कर आम्ही भरतो, मग ही चहूबाजूंची पट्टी मोकळी सोडायची ती का म्हणून?" वडाळ्यासारख्या वस्तीत, जेथे दोन खोल्यांच्या घरांतून तीन-तीन पिढ्या नांदल्या आहेत आणि जेथे एका हाताची रुंदी वाढली तरी स्वयंपाकघराला ओटा मिळतो, तेथे हा प्रश्न हावरेपणाचा म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. त्याला "नियम आहे" एवढेच उत्तर देणे म्हणजे उत्तर न देणेच होय. या प्रकरणात त्या पट्टीची कैफियत, आणि विशेषतः आगीशी तिचा जो संबंध आहे तो, क्रमाने पाहावयाचा आहे.

१. समास

सरकारी मराठीत या पट्टीला 'सामासिक अंतर' म्हणतात, आणि दफ्तरी भाषेतील अनेक शब्दांप्रमाणे हा शब्द रुक्ष वाटला तरी त्याच्या मुळाशी शाळकरी वहीतला समास आहे. गुरुजी वहीच्या डाव्या अंगाला उभी घडी घालावयास लावीत आणि तिच्या पलीकडे अक्षर गेले की छडी उगारीत. कागद आपलाच, दौत आपलीच, तरीही ती जागा लिहिण्यासाठी नव्हती. पाने शिवताना दोरा तेथून जावा, वही हाताळताना झिजलेल्या कडेबरोबर अक्षरे जाऊ नयेत आणि तपासणाऱ्याला शेरा लिहिता यावा, अशी तीन-चार कामे ती कोरी पट्टी मुकाट्याने करीत असे. इमारतीचा समासही असाच आहे. उजेड, वारा, सांडपाण्याच्या नळ्या, झाडांची मुळे आणि माणसांची ये-जा या सर्वांना तो पुरतो. पण त्याचे सर्वांत कठीण काम वर्षानुवर्षे लागत नाही, आणि लागते तेव्हा ते एका रात्रीपुरतेच लागते.

गिरगाव-लालबागच्या जुन्या वस्तीत दोन चाळींमधील जागेला 'घरगल्ली' म्हणत आले आहेत. मोरीच्या नळ्या आणि सफाई कामगाराचा झाडू एवढ्यांसाठीच ठेवलेली ती बोळ पाहिली, की समासावाचून लिहिलेल्या वहीची कल्पना येते.

२. आग कुंपण कशी ओलांडते

एका घराची आग दुसऱ्या घराला तीन वाटांनी लागते. पहिली वाट प्रत्यक्ष स्पर्शाची : ज्वाळा खिडकीतून बाहेर लोळते आणि शेजारच्या वळचणीला, पत्र्याखालील वाशाला किंवा वाळत घातलेल्या कपड्याला चाटते. ही वाट डोळ्यांना दिसते, म्हणून सर्वांना ठाऊक असते.

दुसरी वाट उडत्या निखाऱ्यांची. तिचे भयंकर रूप मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके आणि कापसाच्या हजारो गाठी एकत्र भरून आलेले 'फोर्ट स्टायकिन' हे जहाज फुटले, आणि पेटलेला कापूस, लोखंडाचे तुकडे व जळके लाकूड दूरवरच्या छपरांवर पडून मांडवीच्या बाजूची वस्ती पेटत गेली. त्याच जहाजातील सोन्याच्या विटांपैकी एक उडून बऱ्याच अंतरावरील एका घराच्या सज्जात जाऊन पडली, ही हकीकत मुंबईकर अजून चवीने सांगतात. परंतु त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले आणि म्हणूनच १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, हे सांगणारे त्या मानाने थोडे. निखारा कितीही दूर जाऊ शकतो. त्याच्यापुढे समासाचे फारसे चालत नाही. तेथे उपाय छपराचा आणि बाह्य भिंतीचा. १८८८ च्या मुंबईच्या पालिका कायद्याने गवत, पाने, चटया, कॅनव्हास यांसारख्या ज्वालाग्राही वस्तूंची छपरे व बाह्य भिंती करण्यास परवानगीवाचून मनाई केली, ती याच धोक्यापायी.

तिसरी वाट अदृश्य आहे, आणि हद्दीचे सगळे शास्त्र तिच्याभोवती उभे आहे. होळी पेटल्यावर तिच्यापासून दहा पावलांवर उभे राहून पाहावे. ज्वाळा सरळ वर जात असतात, वारा आपल्या पाठीकडून होळीकडे वाहत असतो, तरी तोंड भाजून निघते आणि पाठ थंडच राहते. मध्ये कोणी धिप्पाड मनुष्य येऊन उभा राहिला, तर त्याच्या सावलीत क्षणात बरे वाटते. म्हणजे ही उष्णता हवेबरोबर आलेली नाही. उन्हासारखी ती किरणांनी आली आहे, सरळ रेषेत आली आहे, आणि मध्ये आडोसा आला की अडते. याला प्रारण म्हणतात. पेटलेल्या खोलीची खिडकी म्हणजे समोरच्या घराकडे तोंड करून ठेवलेली अशी एक होळीच असते. समोरच्या घराला ज्वाळेचा स्पर्श झालेला नसतो, ठिणगी पडलेली नसते. तरी त्याच्या खिडकीची लाकडी चौकट आधी धुरकटते, मग तिच्यातून वायू सुटू लागतात, आणि एखादी क्षुद्र ठिणगी निमित्तमात्र होऊन ती पेट घेते.

३. खिडकी, अंतर आणि इस्त्री

आता थोडे गणित; त्यास त्रैराशिकापलीकडची विद्या लागत नाही. माध्यान्हीच्या कडक उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे १ किलोवॅट उष्णता पडते, म्हणजे घरातील एका साध्या विजेच्या इस्त्रीएवढी. लाकूड दीर्घकाळ तापत राहिले आणि जवळ ठिणगी असली, तर चौरस मीटरमागे सुमारे साडेबारा किलोवॅटला ते पेटते : एका चौरस मीटरवर साडेबारा इस्त्र्या. आणि राहत्या घराची खोली पूर्ण पेटली असता तिच्या खिडकीतून चौरस मीटरमागे सुमारे ८४ किलोवॅट बाहेर पडतात, असे ब्रिटनमध्ये नियम बांधताना गृहीत धरतात. दुकान किंवा गोदाम असेल तर याच्या दुप्पट.

खिडकीपाशी ८४ आणि पेटण्याची मर्यादा साडेबारा. तेव्हा प्रश्न एवढाच, की किती दूर गेल्यावर ८४ चे साडेबारा होतात. ते एकाच गोष्टीवर ठरते : समोरून पाहणाऱ्याच्या दृष्टीचा केवढा भाग ती जळती खिडकी व्यापते. आपला अंगठा डोळ्याजवळ धरला तर समोरची अख्खी इमारत झाकते, हात लांब केला तर एखादाच मजला, खिडकीचेही तसेच. दीड मीटर रुंद आणि तेवढीच उंच खिडकी घेतली, तर तिच्या बरोबर समोर दीड मीटरवर सुमारे २० किलोवॅट पोचतात, दोन मीटरवर साडेबाराच्या किंचित वर, आणि तीन मीटरवर अवघे सहा. दीड मीटरवरचे घर पेटेल आणि तीन मीटरवरचे बहुधा वाचेल. मधले सारे भवितव्य दीड मीटरचे.

याच उदाहरणात आणखी एक पायरी चढू. खिडकीची लांबी-रुंदी दुप्पट केली, म्हणजे तीन मीटरची काचेची भिंतच केली, जशी हल्लीच्या दिवाणखान्यांना करतात, तर तीन मीटर अंतरावरही २० किलोवॅट येऊन पोचतात. आकार दुप्पट झाला की सुरक्षित अंतर दुप्पट लागते. एकावर एक मजले पेटले, तर समोरच्याच्या दृष्टीने ती एकच मोठी खिडकी. इमारत जितकी उंच तितका समास रुंद, या नियमाचे एक कारण येथे आहे. इमारतीची उंची वाढली की मोकळ्या जागेचे मोजमाप वाढविणारी कोष्टके आपल्या विकास नियमावलीत दिसतात, ती कोणा कारकुनाच्या लहरीतून उतरलेली नाहीत.

हे आकडे कागदावरच जन्मले असे मात्र नव्हे. १९५८ च्या हिवाळ्यात कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवरील जलमार्गासाठी काही गावे पाण्याखाली जावयाची होती. तेथील संशोधकांनी, कोयनेच्या काठची गावे उठताना आपल्यापैकी कोणाला सुचले नसते असे केले, आणि रिकामी झालेली सहा घरे व दोन मोठ्या इमारती मुद्दाम पेटवून किती अंतरावर किती उष्णता पोचते ते उपकरणांनी मोजले. इंग्लंडमध्ये मार्गारेट लॉ या विदुषीने १९६३ साली हीच विद्या इमारतींमधील अंतरांच्या नियमांसाठी सुसूत्र मांडली. बुडणाऱ्या गावांच्या त्या होळ्यांतून निघालेले ज्ञान आज अनेक देशांच्या बांधकामविषयक नियमांत मुरले आहे.

४. हद्दीपासूनच का

येथे चाणाक्ष वाचक अडवील : धोका तर दोन घरांतील अंतराचा आहे, मग नियम हद्दीपासून का मोजतात? शेजारच्या जागेत सध्या नुसती बाग असेल, तर आमचे घर हद्दीला भिडले म्हणून कोणाचे काय जळणार?

याचे उत्तर आरशाने द्यावे. हद्दीच्या रेषेवर मोठा आरसा उभा आहे अशी कल्पना करावी. आपले घर रेषेच्या जितके अलीकडे, तितकेच प्रतिबिंब पलीकडे. शेजारी उद्या आपल्यासारखेच घर बांधील आणि ते बांधण्याचा त्यास तेवढाच हक्क आहे, असे धरून प्रत्येकाने लागणाऱ्या अंतराचे निम्मे आपल्या बाजूला सोडावयाचे. दोन घरांत चार मीटर हवे असतील, तर प्रत्येकाने दोन मीटर. जो आधी बांधतो त्याने शेजाऱ्याच्या बागेच्या भरवशावर हद्द गाठली, तर उशिरा बांधणाऱ्याला सगळे चार मीटर आपल्या पदरचे सोडावे लागतील, आणि 'पहिला आला तो शहाणा' हा न्याय एस.टी.च्या बाकावर शोभला तरी जमिनीच्या व्यवहारात शोभत नाही.

शिवाय शेजाऱ्याचे घर पडते, वाढते, विकले जाते. हद्दीचा दगड मात्र मोजणीच्या नकाशात राहतो. ज्याची जागा बदलत नाही अशा वस्तूपासून अंतर मोजणे हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्याही सोयीचे.

५. प्लेगाने दिलेली जागा

ही सगळी मीमांसा वडाळ्यात उभे राहून करण्याचे एक कारण आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगाचे निदान झाले, मुंबईची दाणादाण उडाली, आणि अंधाऱ्या, कोंदट चाळी हे रोगाचे घर ठरवून १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने शहराच्या उत्तरेकडील शेते, माळ आणि वाड्या संपादन करून दादर-माटुंगा, शीव-माटुंगा आणि शिवडी-वडाळा अशा योजना आखल्या. आजही येथील जुन्या दस्तऐवजांत 'शिवडी-वडाळा इस्टेट, स्कीम ५७' अशी नोंद आढळते. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी आणि त्यांच्या कडेचे फाइव्ह गार्डन्स ही त्याच आखणीची अपत्ये. प्रत्येक भूखंडावर घर मधोमध, चहूबाजूंनी मोकळी जागा आणि मजले मोजके, असा तो दंडक होता.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका नियमाचा विशेष आग्रह धरला होता. १९१२ साली त्यांनी मुंबईतील घरांच्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यानही दिले. तो नियम साडेत्रेसष्ट अंशांचा. तळमजल्याच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करणारी नसावी. भूमिती बाजूला ठेवून सांगावयाचे, तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी; ४० फूट उंच इमारतीसमोर २० फूट मोकळे आकाश हवे.

ऑरसाहेबांच्या मनात प्लेग आणि क्षय होते. आगीसाठी त्यांनी कोन मोजला नव्हता. परंतु खोलीत बसलेल्या माणसाला किती आकाश दिसते, हे मोजणे आणि समोरच्या जळत्या भिंतीने त्याच्या दृष्टीचा किती भाग व्यापला, हे मोजणे या दोन्ही क्रिया तत्त्वतः एकच आहेत, कारण उजेड आणि प्रारण दोन्ही सरळ रेषेत चालतात. आकाशाचा वाटा जितका मोठा तितका ज्वाळेचा वाटा लहान. रोगापासून रक्षणासाठी सोडलेली जागा आपोआप आगीपासूनही रक्षण करू लागली. १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. जागा मात्र राहिल्या.

६. अंतर नसेल तर भिंत

सर्वांना अंतर परवडत नाही, हे कायद्यालाही कळते. होळीपुढे धिप्पाड मनुष्य उभा राहिला की मागच्याला गारवा मिळतो, हा अनुभव येथे उपयोगी पडतो : अंतर देता येत नसेल तर आडोसा द्या. हद्दीला चिकटलेली भिंत विटांची किंवा काँक्रीटची, ठरावीक तास आगीला टिकणारी, आणि मुख्य म्हणजे बिनखिडकीची असली पाहिजे. लंडन १६६६ मध्ये जळाले, तेव्हा दुसऱ्याच वर्षी तेथील संसदेने नव्या घरांसाठी वीट आणि दगड सक्तीचे केले, व दोन घरांतील सामाईक भिंतीची जाडीसुद्धा कायद्याने ठरविली. मुंबईच्या कोटातही १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मोठी आग लागून बाजाराचा मोठा भाग भस्मसात झाला होता, आणि दाट वस्ती तटाबाहेर पसरण्यास त्या आगीने हातभार लावला.

भिंतीत खिडकी पाडली की आडोशाला भोक पडते. आगीला ते पुरते.

लाकडी सांगाड्याच्या जुन्या इमारतींत तर भिंतही भरवशाची राहत नाही, कारण तिला पेलणारे खांब आणि तुळयाच जळतात. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या हनुमान गल्लीतील गोकुळ निवास या इमारतीला आग लागली, तेव्हा ती इमारत कोसळून अग्निशमन दलाचे दोन अधिकारी जागीच गेले आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दोघांचा पुढे उपचार सुरू असताना अंत झाला. अरुंद गल्ली, लाकडी इमला आणि एकमेकांना टेकलेल्या भिंती, यांची किंमत आग विझविणाऱ्यांनी मोजली.

७. बंब कोठे उभा राहील

आतापर्यंत समास आग अडवीत होता; आता त्याचे दुसरे काम. आग विझविणारा बंब आत आला पाहिजे, उभा राहिला पाहिजे आणि शिडी उघडता आली पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारतीस उंच इमारत समजते, आणि अशा इमारतीच्या आवारात ६ मीटर रुंदीची, ४५ टनांपर्यंतचे वाहन पेलणारी पक्की वाट, तसेच किमान साडेचार मीटर रुंदीचे आणि कमान असल्यास ५ मीटर उंचीचे प्रवेशद्वार मागते. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे. परंतु जी शिडी नव्वद मीटर वर जाते, तिचे पाय त्या मानाने रुंद पसरावे लागतात. बैलाने शिंगे मारावयास दोन पावले मागे सरावे, तसे तिला इमारतीपासून काही अंतर लागते. भिंतीला खेटून ती उघडत नाही.

दादरच्या कोहिनूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये, खेळाची व विसाव्याची किमान मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे असा निर्णय देताना, बंबाच्या हालचालीस लागणाऱ्या मोकळ्या जागेचाही गांभीर्याने विचार केला. त्यानंतर मुंबई बेटावरील लहान भूखंडांच्या पुनर्विकासाचे प्रस्ताव खोळंबले, मालक व रहिवासी हवालदिल झाले, आणि पुढे सवलतींचे मार्ग शोधण्यात आले. चाळीस वर्षे गळक्या छपराखाली काढलेल्या माणसाला "तुझा भूखंड सहा मीटर सोडण्याइतका रुंद नाही" असे सांगणे कठोर आहे, यात शंका नाही. माझे मत असे, की अशा ठिकाणी समास कापण्यापेक्षा शेजारचे दोन-तीन भूखंड एकत्र करून सामाईक समास काढणे हाच प्रामाणिक तोडगा. आणि ट्रस्टने शंभर वर्षांपूर्वी याहून निराळे काही केले नव्हते. अधिमूल्य भरून समासातील तूट माफ करून घेण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी एवढेच म्हणतो, की त्या पैशाची पावती पालिकेच्या फायलीत राहते आणि तूट खिडकीसमोर.

८. समासाचे अतिक्रमण

मंजूर नकाशातील समास आणि प्रत्यक्षातील समास यांत मात्र पुष्कळदा सावत्रभाव असतो. प्रथम सायकली ठेवण्यापुरता एक पत्रा येतो. पत्र्याखाली मोटारी येतात. कोपऱ्यात रखवालदाराची खोली, तिच्यात गॅसची शेगडी. मग भंगार लाकूड, जुन्या गाद्या आणि गणपतीच्या मखराचे थर्मोकोल. पत्रा स्वतः जळत नाही, पण त्याखालील मोटार जळते, आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली एक नवी होळी रचून ठेवल्यासारखे होते. अँटॉप हिलच्या पायथ्याशी ज्या दाट झोपडवस्त्या आहेत, तेथे समासाचा प्रश्नच उरलेला नाही. ७ डिसेंबर २०१५ रोजी कांदिवलीच्या दामूनगरात सिलिंडर फुटत गेले आणि पाहता पाहता शेकडो झोपड्या जळाल्या, तशी वेळ अशा कोणत्याही वस्तीवर येऊ शकते. त्या माणसांना समासाचे पुराण सांगण्याचा अधिकार पक्क्या घरात राहणाऱ्या आपल्याला नाही. आपल्याला तो आहे आपल्याच आवारापुरता.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम अमलात आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो, त्यांनी आपली अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत सादर करावयाचा असतो. बहुतेक सोसायट्यांत हा कागद सचिव आणि ठेकेदार यांच्यातच फिरतो. येत्या खेपेस तो येईल तेव्हा, वाचकहो, मंजूर नकाशाची प्रत मागून घ्या आणि ठेकेदाराबरोबर खाली उतरून इमारतीभोवती एक फेरी मारा. नकाशात जेथे मोकळी जागा आहे तेथे प्रत्यक्षात काय उभे आहे ते पाहा, आणि बंबाच्या वाटेची रुंदी मोजा. सहा मीटर म्हणजे १९ फूट ८ इंच. मोजपट्टी जवळ नसेल तर साधारण आठ पावले.